आधी हिसाब विचारा

सुरतेत लिंबायतच्या एका खोलीत मी पहिली मुलाखत घेतली, तेव्हा माझ्या हातात छापील प्रश्नावली होती. समोर फळीवर ताणलेली साडी, स्टीलच्या ताटलीत स्टोन, गमची वाटी, आणि काडीच्या टोकाने एकेक स्टोन उचलून साडीवर टेकवत बसलेल्या मावशी. मूळच्या अमळनेरकडच्या. प्रश्नावलीतला सातवा प्रश्न होता, ‘जेवढी मेहनत करता तेवढा मोबदला मिळतो असं वाटतं का?’ मावशींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, ‘बरोबर आहे की. जे ठरलं ते देतात.’ मी ‘समाधानी’च्या रकान्यात खूण केली.

रेकॉर्डर बंद झाला, चहा आला, आणि मग मावशी बोलायला लागल्या. साड्या न्यायला येणारा माणूस गल्लीतल्या सगळ्या बायकांचे गठ्ठे नुसते उचलून नेतो. यांचा गठ्ठा मात्र दारात सोडतो आणि शेजारणींच्या देखत एकेक साडी मोजतो. दोन वर्षांपूर्वी कधीतरी एक साडी कमी भरली होती, तेव्हापासून. ‘तो माले चोर समजस,’ मावशी म्हणाल्या आणि पुन्हा काडी हातात घेतली.

रकान्यात ‘समाधानी’ आणि कानात ‘चोर’. कामाच्या ठिकाणच्या न्याय-अन्यायावर गुणात्मक संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिते आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य, मनुष्यबळ व्यवस्थापन, विषय कोणताही असो. उदाहरणं सुरतेची देते, कारण मी तिथेच चुकत चुकत शिकले. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी किंवा भोसरीतही फार वेगळं सापडणार नाही.

माझी चूक काय होती? प्रश्न मी मावशींना विचारत नव्हते. जे. स्टेसी ॲडम्स यांच्या १९६३ सालच्या समतोल सिद्धांताला विचारत होते. माणूस आपण घातलेले श्रम आणि मिळालेला मोबदला यांचं गुणोत्तर काढतो, दुसऱ्याच्या गुणोत्तराशी ताडून बघतो आणि फरक दिसला की अस्वस्थ होतो, असं ॲडम्स सांगतात. सिद्धांत चांगला आहे. पण मावशींचं दुखणं मोबदल्याच्या खात्यातलं नव्हतंच. ते वागणुकीच्या खात्यातलं होतं. त्याला रॉबर्ट बाइज आणि जोसेफ मोग यांनी १९८६ मध्ये वेगळं नाव दिलं आहे, आणि तो लेख माझ्या कपाटात होता. हातात मात्र दुसरंच होतं.

म्हणून पहिली सूचना. क्षेत्रात जाताना सिद्धांत घरी ठेवू नका, पण त्याला पुढच्या सीटवरही बसवू नका. हर्बर्ट ब्लुमर यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवलं होतं की समाजशास्त्रातल्या संकल्पना कुठे बघायचं याची दिशा देतात. काय दिसलं पाहिजे याचा हुकूम त्या देत नाहीत. दिशा घ्यायची आणि डोळे उघडे ठेवायचे.

आता शब्दाबद्दल. सुरतेत दोन-तीन महिने काढा, ‘न्याय’ हा शब्द तुम्हाला क्वचितच ऐकू येईल. न्याय कोर्टात असतो. कारखान्यात असतो तो ‘हिसाब’. हा शब्द नीट ऐकायला शिकणं म्हणजे अर्धं संशोधन. ‘हिसाब झाला’ म्हणजे मजुरी मिळाली. ‘माझा हिसाब करून टाका’ म्हणजे मी काम सोडतो आहे. ‘हिसाबात बसत नाही’ म्हणजे भाव परवडत नाही. आणि ‘त्याचा हिसाब बाकी आहे’ असं खालच्या आवाजात कोणी म्हणालं, तर ते पैशांबद्दल असेलच असं नाही. मुलाखतीचं लगेच इंग्रजी भाषांतर करून मग संगणकावर कोडिंग करायला बसलात, तर या चारही अर्थांचं एकच ‘अकाउंट’ होतं आणि तुमचा शोध तिथेच संपतो. शब्दांकन मूळ बोलीत ठेवा, अहिराणी, गुजराती, उडिया, जी असेल ती. भाषांतर अगदी शेवटी, अवतरणापुरतं.

तेव्हा ‘तुमच्यावर अन्याय होतो का’ असं विचारू नका. ‘मागचा हिसाब कसा झाला, पहिल्यापासून सांगा’ असं म्हणा आणि गप्प बसा. प्रसंग विचारला की प्रसंगातून सिद्धांत आपोआप डोकं वर काढतो. जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये निर्णायक प्रसंगांची पद्धत मांडली ती यासाठीच. सुरतेत असा प्रसंग शोधायला लांब जावं लागत नाही. ‘करोनाच्या टाळेबंदीत मालकानं काय केलं?’ एवढंच विचारा. १० एप्रिल २०२० च्या रात्री लसकाणा भागात यंत्रमागाचे मजूर पगार आणि गावी जाण्याची सोय मागत रस्त्यावर उतरले होते. त्या दिवसांत कोणी खोलीचं भाडं माफ केलं, कोणी फोन उचलणं बंद केलं, हे लोकांना नावानिशी आठवतं. नावं तुम्ही मात्र वहीत लिहू नका.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र हे दोन्ही न्यायाबद्दल बोलतात, पण वेगवेगळे प्रश्न विचारतात. तत्त्वज्ञ विचारतो, न्याय्य काय असावं? मानसशास्त्रज्ञ विचारतो, लोकांना न्याय्य काय वाटतं आणि तसं वाटल्यावर ते काय करतात? प्रबंधांत सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ‘कामगारांना व्यवस्था न्याय्य वाटते, म्हणून व्यवस्था न्याय्य आहे’ हे वाक्य मी निदान दहा शोधनिबंधांत वाचलं असेल, शब्द थोडे फिरवलेले. वाटणं हा पुरावा वाटण्याचाच असतो. उलट चूकही तितकीच वाईट: संशोधकाला व्यवस्था अन्याय्य वाटते, कामगार ‘ठीक आहे’ म्हणतो, तर कामगाराला बिचाऱ्याला कळत नाही असं लिहून मोकळं होणं. वहीत दोन पानं समोरासमोर ठेवा. डाव्या पानावर ‘त्यांना काय वाटतं’, उजव्या पानावर ‘कोणत्या कसोटीवर मी हे तपासते आहे’. एका पानावरची ओळ दुसऱ्या पानावर गेली, की कशाच्या जोरावर गेली ते लिहून ठेवा.

मानसशास्त्राच्या बाजूने तीन हत्यारं पुरतात. वाटणी न्याय्य झाली का, वाटणीची रीत न्याय्य होती का, आणि रीत राबवताना माणसाला माणसासारखं वागवलं का. वाटणीचं ॲडम्स यांनी सांगितलं. रीतीचा विचार थिबो आणि वॉकर यांनी १९७५ मध्ये कोर्टाच्या अभ्यासातून सुरू केला. जेराल्ड लेव्हेन्थल यांनी १९८० मध्ये न्याय्य रीतीच्या सहा कसोट्या दिल्या: नियम सगळ्यांना सारखा, ठरवणाऱ्याचा स्वार्थ बाजूला, माहिती अचूक, चूक दुरुस्त करायची सोय, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना बोलायला जागा, आणि नीतीला धरून वागणं.

या सहा ओळी पाठ करून उपयोग नाही. त्या हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, घेऊन जा. वराछा किंवा कतारगामच्या कारखान्यात कारागिराला कच्चा हिरा देताना वजन लिहिलं जातं. पैलू पाडून आला की पुन्हा वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर सेंट. म्हणजे एक सेंट दोन मिलिग्रॅमचा. भांडण होतं ते अशा, डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकावर. मग विचारा: काट्याचा आकडा कारागिराला दिसेल असा काटा ठेवलेला असतो का? हिरा तुटला तर आत आधीच चीर होती की हात चुकला, हे कोण ठरवतं? ठरवणारा आणि पैसे कापणारा एकच माणूस आहे का? ‘पुन्हा वजन करा’ असं म्हणायची सोय आहे का, आणि म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कसला माल मिळतो? लेव्हेन्थल यांच्या सहापैकी निदान चार कसोट्या या प्रश्नांत आल्या, आणि ‘कार्यपद्धतीय न्याय’ हा जड शब्द तोंडातून काढावा लागला नाही.

तिसऱ्या हत्याराची धार बघायची असेल तर जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास वाचा. कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कापले होते. एके ठिकाणी नीट कारण सांगून, खेद व्यक्त करून. दुसऱ्या ठिकाणी दोन शब्दांत उरकून. जिथे उरकलं, तिथे चोऱ्या जास्त वाढल्या. कपात मात्र दोन्हीकडे तेवढीच होती. लिंबायतच्या मावशींची गोष्ट मला या अभ्यासाची उलटी बाजू वाटते. तिथे आधी वाईट वागवल्याने चोरी झाली, इथे चोरी गृहीत धरून वाईट वागवलं जातं आहे. हे नातं ग्रीनबर्ग यांच्या मांडणीत नाही. तुमच्या वहीत आलं तर ते तुमचं.

सिद्धांत कुठे तुटतो, ते बघण्यात खरी मजा आहे. सगळ्यात स्वच्छ उदाहरण सुरत जिल्ह्यातलंच, आणि मराठी माणसाचं. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला खानदेशातून टोळ्या येतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात त्यांच्यावर लिहिलं. ब्रेमन दक्षिण गुजरातेत १९६२ पासून येत राहिले. ‘फुटलूज लेबर’ हे त्यांचं १९९६ चं पुस्तक तुमच्या ग्रंथालयात असलंच पाहिजे. या टोळ्यांत मजूर मोजतात ते माणसाने नव्हे, कोयत्याने. नवरा-बायको मिळून एक कोयता, कधी सोबत मूलही. मुकादमाकडून आगाऊ उचल, हंगामात खाण्यापुरती खावटी, टनावर भाव आणि हंगाम संपला की सगळं वजा जाऊन हिसाब.

आता ॲडम्स यांना इथे उभं करा. श्रम कोणाचे? मोबदला कोणाचा? मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत वाहणाऱ्या बाईचं गुणोत्तर कसं काढायचं, तिच्या नावावर खातंच नसताना? मुकादमाने फसवलं का, हे ती सांगते. घरच्या माणसाने उचल कशावर खर्च केली, हे ती लगेच सांगत नाही. समतोल सिद्धांताने धरून चाललेला हिशोबनीस एकटा, सुटा माणूस आहे. कोयता सुटा नाही. इथे सिद्धांत खोटा ठरतो असं मी म्हणणार नाही. त्याचं गृहीतक उघडं पडतं, आणि गुणात्मक संशोधनाने करायचं ते हेच. प्रबंधात एक पान राखून ठेवा: ‘सिद्धांत कुठे बसला, कुठे बसला नाही’. माझ्या अनुभवात परीक्षक सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर थांबतात.

हाच प्रश्न तुलनेबद्दलही विचारायचा. माणूस तुलना करतो, पण कोणाशी? रन्सिमन यांनी १९६६ मध्ये सापेक्ष वंचिततेवर लिहिताना हाच मुद्दा धरला होता. पांडेसऱ्यात मागावर उभा असलेला शिंदखेड्याचा मुलगा स्वतःला मालकाशी ताडून बघत नाही. शेजारच्या मागावरच्या, ओडिशातल्या गंजामच्या माणसाशी ताडतो, आणि त्याहून जास्त गावी कापूस लावून बसलेल्या भावाशी. भावाशी ताडला की सुरत बरी वाटते. म्हणून ‘बरं आहे’ हे उत्तर आलं की लगेच खाली ओढा: कोणापेक्षा?

आता तत्त्वज्ञान. इथे विद्यार्थी दोन टोकं गाठतात. एक तर पहिल्या प्रकरणात जॉन रॉल्स यांना हार घालून पुढे त्यांचं नाव घेत नाहीत, नाही तर प्रत्येक उताऱ्यावर रॉल्स चिकटवतात. रॉल्स यांचा १९७१ चा अज्ञानाचा पडदा, म्हणजे आपण समाजात कोण असणार हे ठाऊक नसताना नियम ठरवणं, मुलाखतीत कल्पित प्रसंग म्हणून वापरता येतो. मी वापरला. उधन्यात एका मागवाल्याला म्हटलं, समजा या कारखान्यात तुम्ही मालक असणार की मजूर हे माहीत नाही, तर मजुरीचा नियम काय ठेवाल? तो हसला. म्हणाला, ‘आधी सांगा, माग कोणाचे?’ उत्तर मार्मिक होतं, पण माझा पडदा फाटला. नंतर मी तोच प्रश्न घरगुती केला: ‘तुमच्या मुलीला हेच काम, याच भावानं, याच माणसाच्या हाताखाली दिलं तर?’ इथे माणसं थांबतात. ‘बरोबर आहे की’ म्हणणारेही थांबतात. रॉल्स यांच्या पंडितांना ही पडद्याची नक्कल चालणार नाही, कारण मुलगी कोण ते ठाऊक असतं. मला चालते.

सुरतेसाठी मला रॉल्स यांच्यापेक्षा अमर्त्य सेन जास्त उपयोगी वाटतात. ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ च्या पुस्तकात ते आदर्श व्यवस्थेचा नकाशा काढत बसण्याऐवजी दोन प्रत्यक्ष परिस्थितींची तुलना करायला सांगतात, आणि नियमांची ‘नीती’ व प्रत्यक्ष जगण्यातला ‘न्याय’ असा आपल्याच परंपरेतला भेद वापरतात. सुरतेतल्या कारागिराने बहुधा चार-पाच कारखाने पाहिलेले असतात. त्याला आदर्श कारखाना विचारला तर तो खांदे उडवेल. ‘मागच्यापेक्षा इथं काय बरं, काय वाईट’ विचारलं तर तासभर बोलेल, आणि बोलता बोलता नीती एका बाजूला, न्याय दुसऱ्या बाजूला असा ढीग स्वतःच लावून देईल.

मान आणि पैसा यांचं काय नातं, हा नॅन्सी फ्रेझर आणि ॲक्सेल होनेथ यांच्यातला गाजलेला वाद. २००३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. होनेथ म्हणतात, मुळाशी ओळख आणि मानच असतो. फ्रेझर म्हणतात, मान आणि वाटप यांपैकी एकाला दुसऱ्यात विरघळवू नका. सुरतेत हा वाद एका शब्दात सापडतो. हिरे घासणाऱ्याला पूर्वी ‘हिराघसू’ म्हणत. आता ‘रत्नकलाकार’ म्हणतात, भाषणांत, बातम्यांत, दिवाळीच्या शुभेच्छांत. शब्द सुंदर आहे आणि तो ऐकताना लोक ताठ बसतात, हे मी पाहिलं आहे. पण मंदीत दिवाळीची सुटी लांबते, तेव्हा ‘कलाकारा’च्या हातात नेमणुकीचा कागद असतो का? तुमच्या मुलाखतींत दोन्ही शब्द कोण, कधी, कोणाबद्दल वापरतं, एवढंच मोजून ठेवा. कारागीर स्वतःबद्दल चिडून बोलताना जुन्या शब्दाकडे वळतो का ते बघा. फ्रेझर बरोबर की होनेथ, यावर तुम्हाला स्वतःचं काहीतरी म्हणता येईल.

परदेशी सिद्धांतांत एक गोष्ट मुळातच कमी आहे: नोकरी देणारा आणि घेणारा एकमेकांना परके असतात, असं ते धरून चालतात. सुरतेत काम गावावरून, नात्यावरून, जातीवरून मिळतं. सौराष्ट्राचा मुलगा घंटीवर, गंजामचा मागावर, आपला खानदेशी बहुधा मागावर, छपाईच्या गिरणीत किंवा बाजारातल्या गठ्ठ्यांखाली. शेठ स्वतःच्या तालुक्याचा असेल, तर तक्रार ही तक्रार राहत नाही. ती घरातली कुरबूर होते आणि लग्नात बघून घ्यायची असते. इथे बाबासाहेब आंबेडकर उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. जात केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी करते, हा त्यांचा १९३६ चा मुद्दा कोणाला कोणतं यंत्र मिळतं या प्रश्नाशी थेट भिडतो. आणि गोपाळ गुरू व सुंदर सरुक्काई यांचं २०१२ चं ‘द क्रॅक्ड मिरर’ वाचा, कारण अनुभव एकाचा आणि सिद्धांत दुसऱ्याचा अशी वाटणी झाली की त्यातही एक अन्याय असतो. मराठी माणसाने सुरतेत जाऊन माल भरून आणायची परंपरा १६६४ ची आहे. मुलाखती गोळा करून परतताना हे आठवलं तर बरं.

कामगार अन्यायाचं समर्थन करतो, तेव्हा काय करायचं? ‘नशीब’, ‘शेठ तरी काय करेल’ अशी उत्तरं येतातच. मेल्विन लर्नर यांचा जग न्यायीच असतं ही श्रद्धा सांगणारा सिद्धांत आणि जोस्ट व बानाजी यांचा १९९४ चा व्यवस्था-समर्थनाचा सिद्धांत अशा वेळी फार मोहात पाडतात. त्यांना हात लावण्याआधी एवढं तपासा: हे उत्तर कोणाच्या देखत दिलं? मुकादम ओट्यावर बसला होता का? मुलाखत मॅनेजरनेच जमवून दिली होती का? माझ्या पाहण्यातली निम्मी ‘व्यवस्था-समर्थनं’ दारातल्या माणसाने घडवलेली होती. कारखान्यात मुलाखत घेऊ नका. खोलीवर घ्या, चहाच्या गाडीवर घ्या, आणि जमलं तर दिवाळीत तापी लाइनच्या गाडीने गावी जाऊन घ्या. नंदुरबारच्या ओट्यावर माणूस वेगळं बोलतो.

कोडिंग दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त लोकांचे शब्द: हिसाब, कापलं, मोजलं, सांभाळलं, विचारलं नाही. सिद्धांताचा एकही शब्द लिहायचा नाही, हात शिवशिवला तरी. दुसऱ्या फेरीत सिद्धांत आणा, आणि जास्तीत जास्त दोन: एक तत्त्वज्ञानाचा, एक मानसशास्त्राचा. मी वर वीसेक नावं घेतली ती तुम्हाला निवडता यावं म्हणून. सगळी प्रबंधात घातलीत तर मार्गदर्शकांना माझं नाव सांगू नका. ‘विचारलं नाही’ या ढिगातले उतारे लेव्हेन्थल यांच्या ‘बोलायला जागा’ या कसोटीत बसतात का, ते एकेक करून बघा. न बसलेले वेगळे ठेवा, फेकू नका.

नावं बदलून भागत नाही. ‘कतारगाम, चौथा मजला, आठ घंट्या, मालक अमक्या गावचा’ एवढं लिहिलंत की बाजारात तो कारखाना ओळखला जातो, आणि जिथे काम तोंडी शिफारशीवर मिळतं तिथे बोललेल्या माणसाचं पुढचं काम जातं. संमतीच्या कागदावर सही मागितली की लोक बिचकतात. तोंडी संमती रेकॉर्ड करा, तशी परवानगी विद्यापीठाच्या समितीकडून आधी घ्या.

आणि वेळेचं बघा. महिन्याच्या पगारावरच्या माणसाचा एक तास आणि नगावर काम करणाऱ्या बाईचा एक तास सारखा नसतो. मी लिंबायतला दुसऱ्यांदा गेले, तेव्हा मावशींनी बसायला फळीची दुसरी बाजू दिली आणि काडी माझ्या हातात ठेवली. आम्ही दोघी स्टोन लावत बोललो. माझ्या बाजूचे तीन स्टोन वाकडे बसले, ते त्यांनी नखाने काढून पुन्हा लावले. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकलं तर मध्येमध्ये ताटलीचा आवाज येतो. शब्दांकनात मी तो ‘(ताटली)’ असा नोंदवला आहे, कारण बहुतेक वेळा तो आल्यावरच त्या महत्त्वाचं काही बोलल्या आहेत.